वाचकांचे प्रश्न : दोन वाहिन्या, एक मालक

प्रश्न : आमच्या घरी संध्याकाळी सासूबाईंना ‘स्टार प्रवाह’ हवी असते आणि मला ‘कलर्स मराठी’, त्यावरून रिमोटची ओढाताण होते. या दोन्ही वाहिन्या आता एकाच कंपनीच्या झाल्या, असे जाऊबाई सांगत होत्या. तसे असले तरी आम्हा प्रेक्षकांचे काय बिघडले? वाहिन्या तर दोन्ही चालू आहेत.
— एक वाचक, कराड

उत्तर : जाऊबाईंचे म्हणणे खरे आहे. रिलायन्सच्या नियंत्रणातील, ‘कलर्स मराठी’ चालवणारी व्हायकॉम१८ आणि डिस्नेची स्टार इंडिया यांचे एकत्रीकरण १४ नोव्हेंबर २०२४ रोजी पूर्ण झाले. या व्यवहारात संयुक्त कंपनीचे मूल्य ७०,३५२ कोटी रुपये धरले गेले, डिस्नेकडे ३६.८४ टक्के हिस्सा राहिला आणि उरलेला थेट रिलायन्सकडे व व्हायकॉम१८कडे गेला. आपल्या दोन्ही आवडत्या वाहिन्यांनी इथवर येईपर्यंत बरीच घरे बदलली आहेत. आजची ‘कलर्स मराठी’ म्हणजे हैदराबादच्या रामोजी राव यांनी २००० साली सुरू केलेली ‘ईटीव्ही मराठी’. ती पुढे टीव्ही१८ समूहाकडे गेली आणि २०१५ मध्ये तिचे नामांतर झाले. ‘स्टार प्रवाह’ २००८ मध्ये माध्यमसम्राट रूपर्ट मर्डोक यांच्या समूहात जन्मली आणि २०१९ मध्ये डिस्नेकडे आली, पण तिचे नाव तेच राहिल्यामुळे मधल्या काळात मालक पालटल्याचे फारसे कोणाच्या लक्षात आले नाही.

आता बिघडले काय, ते पाहू. नियमाप्रमाणे वाहिनीला तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटे जाहिरातींना देता येतात, त्यांतली दोन स्वतःच्या कार्यक्रमांच्या प्रसिद्धीसाठी. अर्ध्या तासाच्या मालिकेत भांडण नेमके रंगात आले की येणारा तो ‘ब्रेक’ हाच वाहिनीचा विक्रीचा माल असतो, गिऱ्हाईक असते जाहिरातदार आणि तो माल किती भारी हे आपण किती जण बसून राहिलो यावर ठरते. समजा, कोल्हापूरच्या एखाद्या मसालेवाल्याला रात्री आठ वाजता मराठी गृहिणींपर्यंत पोहोचायचे आहे. पूर्वी त्याला ‘झी मराठी’, ‘स्टार प्रवाह’ आणि ‘कलर्स मराठी’ या तीन दुकानांत भाव विचारता येत होता आणि एकाचा दर दुसऱ्याला सांगून घासाघीस करता येत होती. आज त्यांतल्या दोन दुकानांचा गल्ला एकच आहे. ही शंका भारतीय स्पर्धा आयोगालाही आली होती. म्हणूनच २८ ऑगस्ट २०२४ रोजी मंजुरी देताना आयोगाने अटी घातल्या आणि त्यांत क्रिकेट सामन्यांच्या जाहिरातींच्या वेळा एकमेकींना बांधून विकण्यावर बंधन आले. क्रिकेटचा पैसा डोळ्यांत भरणारा असल्याने त्याकडे सर्वांचे लक्ष गेले. आठच्या मराठी मालिकेवर कोण एवढा खल करणार?

निर्मात्यांचीही पंचाईत आहे. आपल्याकडे मालिका वाहिनीच्या पैशावर उभी राहते आणि तिचे हक्क बहुधा वाहिनीकडेच राहतात. निर्मात्याच्या हातात एकच गोष्ट असते, ती म्हणजे एका वाहिनीने नाकारलेली कथा दुसरीकडे घेऊन जाणे. ही दारे कमी झाली की नवे काही करून पाहण्याची हिंमतही कमी होते, असे मला वाटते. आपल्याला सासू-सुनांचे तेच ते प्रसंग पुन्हा पुन्हा दिसतात, त्यामागे लेखकांच्या आळसापेक्षा हे अर्थकारण अधिक आहे.

राहिले महिन्याचे बिल. सध्याच्या नियमांनुसार १९ रुपयांपर्यंत किंमत असलेलीच वाहिनी पॅकमध्ये घालता येते आणि पॅक सुट्या वाहिन्यांच्या बेरजेपेक्षा स्वस्त ठेवला जातो, त्यामुळे चार लोकप्रिय वाहिन्यांच्या जोडीने कोणी न पाहणाऱ्या वाहिन्याही घरात येतात. ज्याच्याकडे लोकप्रिय वाहिन्या जास्त, त्याची केबलवाल्यावर पकड अधिक. फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या दरांच्या करारावर सह्या न करणाऱ्या केबल कंपन्यांचे सिग्नल स्टार, झी आणि सोनी यांनी बंद केले, तेव्हा काही दिवस अनेक घरांत पडदा कोरा राहिला होता. भांडण त्या दोघांचे आणि उपास मात्र प्रेक्षकाला. शिवाय २०१८ च्या व्यवहारांनंतर हॅथवे आणि डेन या मोठ्या केबल कंपन्यांवरही रिलायन्सचेच नियंत्रण आहे. डीटीएच कंपनीत प्रक्षेपकाला, म्हणजे वाहिन्या चालवणाऱ्या कंपनीला, २० टक्क्यांपेक्षा जास्त हिस्सा घेता येत नाही. केबलला मात्र अशी मर्यादा नाही.

प्रश्न : अनेक वृत्तवाहिन्या तोट्यात असतात असे ऐकतो, मग त्या विकत घ्यायला उद्योगपतींची चढाओढ का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : कारण त्यांच्या नफ्याचा हिशेब बातम्यांच्या वहीत मांडलेला नसतो. वाहिनी फुकट किंवा अत्यल्प दरात द्यावी लागते, घरोघरी पोहोचण्यासाठी वितरकालाच पैसे मोजावे लागतात आणि जाहिराती आटल्या की कर्ज काढावे लागते. एनडीटीव्हीच्या प्रवर्तकांच्या कंपनीने २००९ मध्ये सुमारे ४०३ कोटींचे कर्ज घेतले होते. ते देणारी कंपनी ऑगस्ट २०२२ मध्ये अदानी समूहाने घेतली, कर्जाचे रूपांतर समभागांत केले आणि एनडीटीव्हीचा २९.१८ टक्के हिस्सा मिळवला. वर्ष संपेपर्यंत वाहिनी त्यांच्या ताब्यात होती. बंदर, वीज, विमानतळ अशा सरकारी परवान्यांवर चालणाऱ्या धंद्यांच्या मालकाला वृत्तवाहिनीचा तोटा कितीसा जड? उद्योगसमूहांच्या अशा प्रवेशावर निर्बंध घालावेत, अशी शिफारस ‘ट्राय’ या दूरसंचार व प्रसारण नियामकाने १२ ऑगस्ट २०१४ रोजीच केली होती. तिचा कायदा झालेला नाही.