शपथ घालू नका, शेजारी बसा

ताई,

सुट्टीत देवगडला आजीकडे आलेली तुमची पंधरा वर्षांची लेक पावसाळी उकाड्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे घालते आणि हातावरच्या जखमा आजीला विहिरीवर दिसल्या. न्यू जर्सीहून तुम्ही विचारता, 'पुन्हा करणार नाही अशी शपथ घालू का?'

नका घालू. शपथ मोडली की ती फक्त लपवायला शिकेल.

विचारा मात्र सरळ: 'मनाला सहन होत नाही तेव्हा स्वतःला इजा करतेस का? मरून जावंसं वाटतं का?' विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. असं करणाऱ्या अनेकांना मरायचं नसतं, आतली कळ सोसायची असते. पण तसं गृहीत धरू नये, म्हणून दुसरा प्रश्नही हवाच.

समुद्राकाठच्या आजीला एक गोष्ट पटकन कळेल. स्वतःला इजा करायची ही ओढ भरतीसारखी चढते आणि ओसरतेही. समुद्राला ओसरायला साधारण सहा तास लागतात, हिला बहुधा त्याहून खूप कमी. तेवढा वेळ काढायचा: तोंडावर गार पाणी, खोलीतून उठून पडवीत येणं, आजीजवळ बसून फुलं ओवणं. आजीने उलटतपासणी घेऊ नये. 'माका सांग गो, नायतर नुसती बस,' एवढं पुरे. घरातली औषधं आणि कलमांच्या फवारणीचं सामान मात्र आजच कुलपात जाऊ दे. अंगारा लावायचा तर लावा, आजीला धीर येईल. डॉक्टरच्या जागी नको.

तिथून १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा. जिवाला धोका वाटला तर वाट न पाहता ११२. अमेरिकेत परतल्यावर ९८८ ही तिथली अशाच संकटासाठीची हेल्पलाइन, फोन किंवा मेसेज. शाळेच्या समुपदेशकाची वेळ आत्ताच घेऊन ठेवा. हे नंबर तिच्याच मोबाइलमध्ये, तिच्यासमोर, तिला विचारून घाला.

'गावात कळलं तर?' हे तुमच्या पत्रात तीनदा आलंय. कुणाला सांगायचं ते तिला ठरवू द्या. पण कुणालाच सांगायचं नाही, असं तिच्याकडून कबूल करून घेऊ नका.

आणखी एक. देवगडला रात्रीचे अकरा म्हणजे तुमच्याकडे सध्या दुपारचा दीड. घर निजल्यावर तिला एकटं वाटेल तेव्हा तुम्ही जाग्या असता, बहुधा ऑफिसात. 'तेव्हा फोन कर, मी मीटिंगमधून उठेन' असं तिला आजच सांगा. आणि फोन आला की खरंच उठा.