रायफलची केस (न्यायची पेटी) घेताना

अरे, दुकानात जाण्याआधी घरी टेप घे आणि रायफल मोज, स्कोप (नेम धरायची दुर्बीण) लावलेली असतानाच. 24 इंची नळीची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल (दर गोळीला हाताने दांडा मागे-पुढे करायची) साधारण 44 इंच भरते, म्हणून आतून 48 इंच असलेली केस बघ. लेबलवर कधी कधी बाहेरचं माप असतं, तिथे फसू नकोस.

गाडीने जायचं तर मऊ पिशवी पुरते. पण विमानाने कोलोरॅडोला एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीला निघालास, तर अमेरिकेत कडक, कुलूपबंद केसच लागते. रायफल रिकामी, काउंटरवर आधी सांगायची, किल्ली तुझ्याच खिशात. दुकानातच कुलपं लावून कोपरा ओढून बघ; बोटं आत गेली तर ती केस नको. माझ्या पहिल्या स्वस्तातल्या केसला मधोमध दोनच कड्या, कोपरे पापडासारखे वाकायचे. प्रवासात आपटून स्कोपचा झीरो, म्हणजे जुळवलेला नेम, हलला आणि शिकारीचा पहिला दिवस कागदी टार्गेटवर गोळ्या झाडण्यात गेला. (बायको अजून हसते.)

फोम दाट हवा, हे खरं, पण तो ओल धरतो. बर्फातून आल्यावर केस बंद ठेवलीस तर नळीवर तांबूस ठिपके आलेच म्हणून समज. रायफल बाहेर काढ, पूस, तेलाचा हात फिरव आणि केस रात्रभर उघडी टाक.