इंजिन ऑइलचे झाकण अडकले असेल तर ते कसे उघडावे

आपल्या प्रश्नाचा सारांश मी असा समजलो आहे. सात-आठ वर्षे वापरलेली छोटी पेट्रोल हॅचबॅक आहे, मागील सर्व्हिसिंगनंतर ऑइल कॅप एकदाही उघडलेली नाही आणि आता ती हाताने तसूभरही हलत नाही. पकडीने जोर लावल्यावर कॅपवरील उभ्या पट्टीचा कोपरा चिरला. डिपस्टिकवर (तेलाची पातळी दाखवणाऱ्या पट्टीवर) तेल खालच्या खुणेच्या थोडे वर दिसते, दोन दिवसांनी पुण्याहून कोल्हापूरला जायचे आहे आणि ओळखीच्या मेकॅनिकने कडेला स्क्रू-ड्रायव्हर टेकवून हातोडीचे दोन ठोके द्यायला सांगितले आहे. घरच्या आणि नातेवाइकांच्या गाड्यांची बरीचशी देखभाल मी अनेक वर्षे स्वतः करीत आलो असल्याने हे झाकण मला नीट परिचयाचे आहे, आणि म्हणूनच आधी कळकळीची विनंती करतो की हातोडीचा प्रयोग कृपया करू नका.

त्यामागचे कारण पुढचे सर्व उपाय ठरवते. ऑइल कॅप हा बाजारात सहज मिळणारा, तुलनेने अगदी स्वस्त भाग आहे. मोल आहे ते त्याखालच्या तोंडाचे. आजच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांत हे तोंड टॅपेट कव्हरवर (इंजिनाच्या माथ्यावरील आवरणावर), म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट आणि बऱ्याचदा टायमिंग चेनच्या अगदी वर असते. ठोक्याने कॅपचा तुकडा उडाला तर तो सरळ त्या फिरत्या भागांत पडतो, किंवा तेल खाली उतरण्याच्या मार्गांतून इंजिनाच्या तळच्या ऑइल चेंबरमध्ये जाऊन पंपाच्या गाळणीशी अडकतो. गाळणीचा काही भाग झाकला गेला तरी तेलाचा दाब कमी होऊ शकतो. प्लॅस्टिकचा तुकडा चुंबकाने निघत नाही, हेही लक्षात असू द्या. त्यामुळे कोणताही उपाय करण्यापूर्वी याने आत काही पडेल का, हा प्रश्न स्वतःला विचारावा आणि उत्तर होकारार्थी असेल तर तो उपाय सोडून द्यावा.

प्रवासाबद्दल आपण काळजीत आहात, म्हणून तेही सांगून टाकतो. झाकण उघडत नाही एवढ्यावरून गाडी चालवण्यास धोका निर्माण होत नाही, कारण घट्ट बसलेले झाकण आपले काम करीतच असते. महत्त्वाची आहे ती तेलाची पातळी. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवून पाहा. तेल दोन खुणांच्या मध्ये असेल, कुठे गळती नसेल आणि आपले इंजिन तेल पिणारे नसेल तर कोल्हापूरचे सुमारे २३० किलोमीटर ते व्यवस्थित पार करील. पातळी खालच्या खुणेखाली असेल तर मात्र तेल घातल्याशिवाय निघू नये.

आता झाकण का अडकते, ते पाहू. बहुतेक लोक आटे जाम झाले असे समजतात आणि सगळा जोर कॅपच्या पट्टीवर लावतात. माझ्या अनुभवात आटे क्वचितच दोषी असतात. खरी पकड असते ती खालच्या रबरी रिंगेची. इंजिन तापल्यावर तेलाचे तापमान साधारण ९० ते ११० अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि ही रिंग वर्षानुवर्षे त्या उष्णतेत, तेलाच्या वाफेत आणि वरून पडणाऱ्या दाबात दबून राहते. जुन्या प्रेशर कुकरची रिंग जशी कडक आणि चपटी होते, तशीच तिची अवस्था होते, आणि तिच्या कडेने झिरपलेले तेल भाजून डिंकासारखा थर तयार होतो. त्यात सर्व्हिसिंगच्या वेळी कोणी गरजेपेक्षा जास्त पिळून झाकण बसवले असेल तर रिंग आणि धातू एकमेकांना चिकटतातच. म्हणजे आपल्याला ही चिकटलेली रिंग सोडवायची आहे. एकदा ती सुटली की झाकण बोटांनी फिरते, हे अनेकदा पाहिले आहे.

सुरुवात स्वच्छतेपासून करावी. कॅपच्या भोवतीच्या खाचेत धूळ, वाळू आणि पावसाळ्यातला सुकलेला चिखल साचलेला असतो आणि झाकण निघताच तो आत सांडतो. जुन्या रंगाच्या ब्रशने तो सैल करून व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यावा, आणि शेवटी तेलाचा हलका हात लावलेल्या कापडाने कडा पुसाव्यात. त्याच वेळी आपण योग्य झाकणाशी झगडत आहोत ना, तेही पाहून घ्या. ऑइल कॅपवर तेलाच्या बुधलीचे चिन्ह असते आणि अनेक गाड्यांत तेलाच्या घट्टपणाचा ग्रेडही, जसे ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३०, तिथेच छापलेला असतो. कूलंटचे झाकण वेगळे असते. ते गरम असताना उघडल्यास दाबाखालचे उकळते पाणी अंगावर येते, त्यामुळे या दोहोंत गल्लत मुळीच होता कामा नये.

नंतर कॅपची रचना ओळखा. काही कॅपांना खरोखरचे आटे असतात आणि त्या एक-दोन फेऱ्यांनंतर निघतात. इतर पुष्कळ कॅप खाचेच्या असतात. त्या केवळ पाव फेरी किंवा त्याहून थोडे अधिक फिरतात आणि मग सरळ वर उचलल्या जातात. वरून पाहताना दोन्ही घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने उघडतात. खाचेच्या कॅपमध्ये दबलेली रिंग झाकणाला सतत वर ढकलते आणि त्यामुळे कॅपचे दात खाचेच्या खालच्या बाजूस घट्ट टेकून राहतात. अशा वेळी नुसते पिळण्याऐवजी तळहाताने झाकण आधी खाली दाबावे आणि दाब कायम ठेवूनच फिरवावे. दातांवरचा भार हलका होतो आणि निम्मे काम तिथेच होते. शक्य असल्यास एकाने दाबावे व दुसऱ्याने फिरवावे. आट्यांच्या कॅपमध्ये उलट युक्ती उपयोगी पडते: प्रथम ती किंचित आवळण्याच्या दिशेने, अगदी केसभर, हलवून पाहावी आणि मग सैल करावी, म्हणजे चिकटलेला थर मोडतो. इथे मात्र जोर लावायचा नाही, हालचाल जाणवली तरी पुरे.

तापमानाचा प्रश्न थोडा नाजूक आहे. काही जण इंजिन पूर्ण गरम असताना प्रयत्न करा म्हणतात, काही जण पूर्ण थंड असताना. कॅप नायलॉनची आणि तोंड अ‍ॅल्युमिनियमचे असेल तर हे लक्षात घ्या: तापल्यावर नुसत्या नायलॉनचे प्रसरण अ‍ॅल्युमिनियमच्या तिपटीहून अधिक असते. काचतंतू मिसळलेल्या नायलॉनमध्ये ते बरेच कमी होते. त्यामुळे कॅप तोंडाच्या आत बसणारी असेल तर फार तापल्यावर ती अधिकच आवळली जाण्याची शक्यता असते. दुसरीकडे, थंड इंजिनात रिंग आणि भाजलेल्या तेलाचा थर दोन्ही कडक असतात. म्हणून मला मधली अवस्था पसंत आहे: गाडी थोडी फिरवून आणावी, बंद करून अर्धा ते पाऊण तास थांबावे आणि कॅपला हात निवांत लावता येईल इतकी कोमट असताना काम करावे. इंजिन चालवणे शक्य नसेल तर घरातली शेकायची रबरी पिशवी गरम पाण्याने भरून दहा मिनिटे कॅपवर ठेवावी. पाणी थेट ओतू नये, कारण बाजूलाच इग्निशन कॉइल आणि स्पार्क प्लगचे खड्डे असतात. मेणबत्ती, लायटर किंवा हीट गन यांचा विचारही करू नये.

आता पकड. तेलकट हाताने किंवा गुळगुळीत कापडाने कॅप धरली तर बोटांचा जोर घसरण्यातच जातो. रबराचा लेप असलेले कामाचे हातमोजे, किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कॅपच्या कडेभोवती गुंडाळून दोन्ही हातांनी धरणे, हा माझ्या मते सर्वांत चांगला आणि सर्वांत सुरक्षित उपाय आहे, कारण त्यात जोर पट्टीवर न पडता संपूर्ण घेरावर सारखा पडतो. आपल्या कॅपची पट्टी आधीच चिरलेली असल्याने आपल्यासाठी तर तो विशेष महत्त्वाचा आहे. एवढ्याने न हलल्यास ऑइल फिल्टर काढण्याचा रबरी पट्ट्याचा पाना आणावा. तो कडेभोवती आवळून सावकाश, वाढत्या जोराने ओढावा, झटका देऊ नये. साखळीचा पाना प्लॅस्टिकमध्ये दात रुतवतो, तो टाळावा. पक्कड किंवा अ‍ॅडजस्टेबल पाना वापरण्याची वेळ आलीच तर जबडे पट्टीच्या टोकाला न लावता तिच्या मुळाशी, कापड घालून लावावेत. पट्टी मोडते ती जवळजवळ नेहमी वरच्या टोकाला धरून पिळल्यामुळे.

तरीही झाकण अडून बसले तर गंज सोडवणाऱ्या तेलाचा, उदाहरणार्थ डब्ल्यूडी-४०चा, आधार घ्यावा, पण फवारा म्हणून नव्हे. इंजिन पूर्ण थंड असताना बारीक नळीने सांध्याच्या घेरावर थेंब थेंब सोडावेत, रात्रभर मुरू द्यावेत, सकाळी जादा तेल पुसून घ्यावे आणि मग वरील क्रम पुन्हा करावा. हे तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडल्यास पेट घेऊ शकते, म्हणून थंड इंजिनाचा आग्रह आहे. पेट्रोल, थिनर, अ‍ॅसिटोन यांपैकी काहीही वापरू नये. आगीचा धोका आहेच, शिवाय त्यांपैकी काही द्रव प्लॅस्टिक किंवा रबर खराब करतात.

एक वेगळे कारणही तपासून पाहा. कॅप इंजिन चालू असतानाच घट्ट वाटते आणि बंद केल्यावर काही मिनिटांनी सहज सुटते, असे होत असेल तर दोष झाकणाचा नसून क्रँककेसमधील (इंजिनाच्या खालच्या पोकळीतील) वायू बाहेर नेणाऱ्या व्यवस्थेचा, म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्हचा असू शकतो. त्याचा पडदा फाटला किंवा तो उघडाच अडकला तर इनटेकची (इंजिनात हवा घेणाऱ्या मार्गाची) ओढ थेट क्रँककेसमध्ये पोहोचते आणि झाकण आत खेचले जाते. सोबत शिट्टीसारखा आवाज किंवा अस्थिर आयडलिंग जाणवते. अशा गाडीत इंजिन बंद करून डिपस्टिक थोडी वर ओढावी, म्हणजे आत हवा शिरते आणि ओढ नाहीशी होते. आपल्या वर्णनावरून हा प्रकार वाटत नाही, कारण गाडी रात्रभर उभी राहूनही झाकण हलले नाही. इंजिन चालू असताना झाकण उघडायचा प्रयत्न मात्र कोणीच करू नये. अनेक इंजिनांत गरम तेल त्या तोंडातून बाहेर उडते.

समजा कॅपची पट्टी पूर्ण तुटली आणि निघण्यापूर्वी तेल घालणे भागच आहे. अशा अडचणीच्या वेळी डिपस्टिकच्या नळीतूनही तेल घालता येते. नळी फार अरुंद असल्याने बारीक तोंडाची स्वच्छ नळकी लावून थोडे थोडे, शंभर-शंभर मिलिलिटर, पुरेसा वेळ देत घालावे आणि मध्ये थांबून पातळी पाहावी. ती डिपस्टिक इंजिनाचीच आहे, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची नाही, याची आधी खात्री करावी. वरच्या खुणेपर्यंत भरण्याचा अट्टहास नको, दोन खुणांच्या मध्यावर आली तरी पुरे.

परत आल्यावर मात्र काम चांगल्या गॅरेजमध्ये द्यावे आणि मेकॅनिकला स्पष्ट सांगावे की कॅप इंजिनावर असताना ड्रिल किंवा छिन्नी लावायची नाही. टॅपेट कव्हरचे बोल्ट काढून कव्हर झाकणासकट बाहेर काढणे हा खात्रीचा मार्ग आहे. बाकावर ठेवलेल्या कव्हरवर हवे ते करता येते, गरज पडल्यास कॅप कापताही येते, आणि तुकडे धुऊन टाकता येतात. त्यासाठी मजुरी लागेल आणि कव्हरचे गॅस्केट नवे घालणेच शहाणपणाचे ठरेल, पण इंजिनात हरवलेला तुकडा शोधण्याच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे.

झाकण निघाल्यावर आपल्या गाडीला नवीन कॅपच बसवावी, कारण चिरलेल्या पट्टीवर पुढच्या वेळी विसंबता येणार नाही. जुनी कॅप दुकानात सोबत न्यावी आणि दातांची मांडणी, घेर व रिंगेची जाडी जुळवून घ्यावी. नुसते तोंडावर बसते म्हणून घेतलेली कॅप पुढे सैल होऊन तेल झिरपू शकते, आणि काही गाड्यांत त्या फटीतून सेन्सरने न मोजलेली हवा आत गेल्याने इंजिनचा दिवाही लागतो. जुन्या झाकणाची आतली बाजू उजेडात पाहा. काळपट-तपकिरी थर असल्यास तेल वेळेवर बदलले गेले नसावे. दुधट, लोण्यासारखा लेप पावसाळ्यात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांत नुसत्या साचलेल्या ओलाव्यानेही येतो, तेव्हा लगेच घाबरू नये. पण त्याच वेळी कूलंट कमी होत असेल किंवा डिपस्टिकवरील तेलही तसेच दिसत असेल तर हेड गॅस्केटची (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांमधील सीलची) तपासणी करून घेतल्याशिवाय गाडी लांब नेऊ नये.

नवीन कॅप बसवताना तोंडाची कड कापडाने पुसावी, रिंगेवर बोटाने ताज्या ऑइलचा पातळ हात फिरवावा आणि हातानेच, थांबा जाणवेपर्यंत फिरवून सोडून द्यावी. पाना तिला लावायचाच नसतो. सर्व्हिसिंग झाल्यावर गाडी ताब्यात घेताना, इंजिन निवलेले असेल तर, तिथेच बॉनेट उघडून हे झाकण एकदा स्वतः सैल करून पुन्हा बसवून पाहावे. ते हाताने सुटत नसेल तर मेकॅनिक समोर असतानाच त्याच्याकडून ते सैल करून घेता येते.