मुलगी 14 वर्षांची आहे, सर म्हणतात वेटलिफ्टिंगला घाला. यात करिअर होतं का?

भाऊ, तुम्ही चोपड्याकडचे, आणि तीन गोष्टी विचारल्यात: उंची खुंटेल का, पुढे लग्नाला अडचण येईल का, आणि यात पोट भरतं का. मी अमळनेर तालुक्यातली. 53 किलो वजनगटात (म्हणजे स्वतःचं वजन 53 च्या आत हवं) नऊ वर्षं खेळले, आता भुसावळला रेल्वेत आहे.

उंची खुंटत नाही. बुटक्या मुलीला बार, म्हणजे वजनं लावलेली दांडी, थोडाच वर न्यावा लागतो, म्हणून खालच्या गटांत अशाच मुली टिकतात आणि बघणाऱ्याला वाटतं, वजनाने दाबल्या गेल्या. लग्नाचं म्हणाल तर माझी आजी "पोरी, तू हमाल व्हनार शे का?" म्हणत राहिली आणि माझं लग्न झालं. विषय संपला.

पोटाचं मात्र नीट सांगते, कारण तिथे मी आपटलेय.

स्पर्धेत तीन अटेम्प्ट स्नॅचचे (बार एका दमात डोक्यावर), तीन क्लीन अँड जर्कचे (आधी खांद्यावर, मग डोक्यावर). दोन्हींतला सगळ्यात चांगला आकडा धरून टोटल. एका प्रकारात तिन्ही फेल, तर टोटलच नाही. माझ्या दुसऱ्या सीनियर नॅशनलला सकाळी काट्यावर 53.4 भरले. वजन द्यायला एक तास असतो. त्या तासात दोन स्वेटर घालून जिने चढले-उतरले, बाटलीत थुंकत बसले, आणि दहा मिनिटं राहिली असताना 53 ला बसले. स्नॅच कसाबसा निभावला. क्लीन अँड जर्कला मी 84 ने सुरुवात केली. सरावात 88 गेले होते ना, मग 84 म्हणजे काय! पहिल्या अटेम्प्टला बार डोक्यावर गेला, पण उजवं कोपर वाकून परत सरळ झालं. दोन लाल दिवे, म्हणजे तिघांतल्या दोन पंचांनी अटेम्प्ट बाद धरला. दुसऱ्याला बार मागे पडला. तिसऱ्याला खांद्यावर घेऊन बसले ती उठलेच नाही. 78 ने सुरुवात केली असती तर टोटल बसली असती. त्या वर्षीची नोकरीची संधी तिथेच गेली.

येताना रेल्वेत आमच्या सरांनी शेव-मुरमुऱ्याचा पुडा पुढे केला आणि जळगाव येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. ते बरंच झालं.

नंतर 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये मीराबाई चानूचे क्लीन अँड जर्कचे तिन्ही अटेम्प्ट फेल गेले, ते मी पहाटे जागून पाहिलं. घरातले म्हणाले, संपली ही. पुढच्याच वर्षी ती 194 किलो उचलून 48 किलो गटात जगज्जेती झाली. टोकियोत 202 किलोवर रौप्य. 2024 ला पॅरिसमध्ये 199 केले, कांस्यवालीने 200. एक किलो! गट तरी तेच राहावेत? आधी 48, मग 49, मग 2025 ला पुन्हा 48, आणि त्यातही तिने जागतिक रौप्य आणलं. तेव्हा मुलगी किती उचलते हे आत्ता बघू नका. फेल गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलवर जाते का, तेवढं बघा.

मला त्या नॅशनलनंतर दोन वर्षांनी कांस्य मिळालं आणि त्यावर क्रीडा कोट्यातून नोकरी. माझ्याबरोबरच्या चौघींतल्या दोघींना काहीच मिळालं नाही, हेही ऐकून ठेवा. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के समांतर आरक्षण आहे, पण ते पदकावर आणि पडताळणी झालेल्या प्रमाणपत्रावर. पहिल्या जिल्हा स्पर्धेपासूनचा प्रत्येक कागद जपा आणि शाळा सोडू देऊ नका.

आपल्याकडून जमत नाही असंही नाही. मनमाड आपल्या खानदेशच्या वेशीवरच आहे, तिथल्या पोरी राष्ट्रीय पातळीवर पदकं आणतात. वडगाव मावळची हर्षदा गरुड 2022 ला 45 किलो गटात 153 किलो उचलून ज्युनियर जगज्जेती झाली. तो मान मिळवणारी पहिली भारतीय तीच.

खर्च खाण्याचा. दूध, अंडी, शेंगदाणे, दादर ज्वारीची भाकरी, आणि केळी तर तुमच्याकडे बांधावर. कुणी पावडरचा डबा आणून दिला तर परत करा. त्यात काय मिसळलंय ते कळत नाही आणि डोपिंगमध्ये सापडली तर बंदी मुलीवर येते, डबा कुणीही दिलेला असो.

हॉल बघायला जाल तेव्हा एकच विचारा: मुलींचा बार आहे का? तो 15 किलोचा आणि 25 मिलिमीटर जाड. मुलांचा 20 किलोचा, 28 मिलिमीटर. आमच्या व्यायामशाळेत फक्त मुलांचा होता. पकडीत अंगठा बोटांखाली दाबायचा असतो, तो माझा पुरायचाच नाही, सोलून निघायचा. राज्य स्पर्धेत पहिल्यांदा मुलींचा बार हातात आला तेव्हा वाटलं, हा तर पोकळ आहे!

आणि पहिले दोन महिने पोरीच्या हातात नुसती लाकडी काठी दिसली तर "काठी फिरवायचे पैसे घेता का" असं कोचला विचारू नका. माझ्या बापाने विचारलं होतं, सगळ्या पोरांसमोर.