टांझानियात गरोदर बायकोला मलेरिया नसतानाही दवाखान्यात तीन गोळ्या एकदम घ्यायला सांगितल्या, घ्याव्यात का?

हो, १३ आठवडे उलटले असतील आणि सल्फाची ॲलर्जी नसेल तर घ्याव्यात. त्या सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन या मलेरियाविरोधी औषधाच्या असणार; तिन्ही मिळून एकच डोस, नर्ससमोरच गिळायचा, उपाशीपोटीही चालतो. पुढचा डोस किमान महिन्याभराने, आणि बाळंतपणापर्यंत असे निदान ३. मलेरिया भरपूर असलेल्या भागांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचीच ही शिफारस आहे. ताप नाही तर औषध कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण तिकडच्या फाल्सिपेरम जातीच्या मलेरियाची खोड अशी, की जंतू शिरलेल्या रक्तपेशी वारेत (बाळाला पोसणाऱ्या प्लासेंटात) चिकटून बसतात. बाईला ताप नाही, बोटातून घेतलेल्या रक्ताचा रिपोर्टही कधीकधी निगेटिव्ह, आणि आत बाळाचं पोषण मात्र तुटत जातं. मूल कमी वजनाचं होतं, आईला रक्त कमी पडतं.

फक्त एक बघा: इथून नेलेल्या फॉलिक ॲसिडच्या पट्टीवर ५ मिग्रॅ लिहिलंय का? आपल्याकडे तीच सर्रास लिहून देतात, आणि तेवढ्या डोसने या गोळ्यांचा परिणाम कमी होतो. ०.४ मिग्रॅची चालते; तिथल्या डॉक्टरांकडून बदलून घ्या. मच्छरदाणी तरीही लागतेच.

भारतात अशा गोळ्या सरसकट देत नाहीत. अगदी गडचिरोलीतही रक्त तपासून, मलेरिया निघाला तरच उपचार होतो, म्हणून घरच्यांना हे ऐकून नवल वाटेल.