डस्टर डिझेलमधला एक नंबरचा सिलिंडर कोणता?

परभणीच्या भाऊंचा प्रश्न थोडक्यात असा: डस्टर १.५ डिझेल, स्कॅनरवर पी०२०१, म्हणजे एक नंबरच्या इंजेक्टरच्या सर्किटमध्ये बिघाड. गॅरेजात टायमिंग बेल्टकडचा इंजेक्टर बदलला, तरी कोड जात नाही.

भाऊ, बदलला तो चार नंबरचा. रेनॉच्या या के९के इंजिनात मोजणी फ्लायव्हीलकडून होते. गिअरबॉक्सला लागून असलेला एक, बेल्टकडचा चार.

आपल्या भागात बहुतेक मिस्त्रींचा हात ट्रॅक्टर, जीप, बोलेरोवर बसलेला. तिथं इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलेलं, आणि रेडिएटरकडचा एक, हे बरोबरच आहे. आडव्या इंजिनातही बहुतेक कंपन्या बेल्ट किंवा चेनकडूनच मोजतात. आपल्या संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात जुळणी झालेल्या स्कोडा ऑक्टाव्हियाचंही तेच. म्हणून रेनॉत फसगत होते.

फायरिंग ऑर्डरवरूनही, म्हणजे सिलिंडर पेटण्याच्या क्रमावरूनही, एक नंबर कोणत्या टोकाला ते कळत नाही. १-३-४-२ उलट्या टोकाकडून मोजा, ४-२-१-३ येईल. एकपासून वाचायला लागा, पुन्हा १-३-४-२! सहा सिलिंडरच्या सरळ इंजिनातल्या १-५-३-६-२-४ चंही असंच होतं.

व्ही इंजिनात, म्हणजे सिलिंडरच्या दोन तिरक्या रांगा असतात त्यात, तर कंपनीगणिक पद्धत वेगळी. फोर्डच्या व्ही-८ मध्ये उजव्या रांगेत १ ते ४, डाव्या रांगेत ५ ते ८. शेव्हरलेच्या जुन्या व्ही-८ मध्ये डावीकडे १-३-५-७, उजवीकडे २-४-६-८. डावं-उजवं नेहमी ड्रायव्हरच्या सीटवरून बघायचं, बॉनेटसमोर उभं राहून नाही.

आता तुमच्या गाडीचं. पी०२०१ हा सर्किटचा कोड आहे, तेव्हा आधी गिअरबॉक्सकडच्या इंजेक्टरचं सॉकेट आणि वायर तपासा. घासलेली वायर, सैल पिन, आत गेलेलं ऑइल. दुसरं, इंजेक्टरवर अक्षर-आकड्यांचा कोड कोरलेला असेल तर तो ईसीयूत (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) त्याच नंबरला भरावा लागतो. नव्या इंजेक्टरचा कोड एक नंबरला भरला असेल, तर आता एक आणि चार दोन्हींची नोंद चुकीची आहे. चारला नव्याचा आणि एकला तिथल्या मूळ इंजेक्टरचा कोड भरून घ्या.

आणि एक कळकळीचं: ट्रॅक्टरसारखं चालू इंजिनावर पाइपचा नट सैल करून कोणता सिलिंडर मिस होतोय ते बघू देऊ नका. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत, प्रेशर हजार बारच्याही वर जातं, त्या धारेनं डिझेल कातडीतून आत घुसतं.