बंद पडलेलं व्हिडिओ गेमचं मशीन घरी दुरुस्त होतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरमध्येच एका कबाड्याकडे जुन्या गेम पार्लरचं उभं मशीन मिळालं. खालची बाजू वाळवीनं खाल्ली आहे, वायरी उंदरांनी कुरतडल्या आहेत, आत पिक्चर ट्यूब आणि एक बोर्ड आहे, चालतं की नाही ठाऊक नाही. हे घरच्या घरी दुरुस्त होईल, की आतलं सगळं उपसून एलसीडी आणि छोटा कॉम्प्युटर बसवावा?

दुरुस्त होईल. आणि कृपा करून उपसू नका.

लाकूड नवं मिळतं, वायरी नव्या ओढता येतात, बटणं आणि जॉयस्टिक विकत मिळतात, स्टिकर पुन्हा छापता येतात. बोर्ड मेला तर दुसरा बसवता येतो. ट्यूबचं तसं नाही. एके काळी आपल्याच देशात सामटेल आणि जेसीटीसारख्या कंपन्या रंगीत ट्यूब बनवायच्या, आता टीव्हीची ट्यूब कोणी बनवत नाही. त्यामुळे तुमच्या पेटीत खरी मोलाची वस्तू ती एकच आहे. बाकीचं सगळं काम तिला सांभाळून करायचं.

एलसीडीवर गेम चालतो, पण तो दिसतो वेगळा. १९९१ चा ‘स्ट्रीट फायटर टू’ ३८४ बाय २२४ ठिपक्यांत काढलेला आहे. १९८० चा ‘पॅक-मॅन’ उभ्या बसवलेल्या ट्यूबवर २२४ बाय २८८. ट्यूबवर दोन ओळींच्या मध्ये बारीक काळी फट राहते, ठिपक्यांच्या कडा किंचित विरतात, आणि चित्रकारांनी रंग लावले ते असाच पडदा समोर ठेवून. तेच चित्र एलसीडीवर ताणलं की चौकोनी ठोकळे उरतात. बंदुकीचा गेम असेल तर विचारूच नका. जुनी बंदूक ट्यूबवर धावणाऱ्या किरणाची वेळ पकडून नेम ओळखते, एलसीडीवर ती चालतच नाही.

आता पहिला नियम. मशीन घरी आलं की प्लग लावून बघण्याचा मोह होतो. लावू नका. इतकी वर्षं पडून असलेल्या चेसिसमधले, म्हणजे ट्यूब चालवणाऱ्या सर्किटमधले, इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर सुकलेले असतात, वायरींचं प्लास्टिक उंदरांनी खाल्लेलं असतं, आणि मशीन किती व्होल्टचं आहे हेही अजून पाहिलेलं नसतं. जपानी मशीन १०० व्होल्टचं, अमेरिकन ११० ते १२० चं. आपल्याकडे पार्लरवाल्यांनी प्लायच्या पेटीत टीव्हीची ट्यूब बसवून जोडलेली मशीनही खूप होती, ती थेट २३० वर चालायची. मागची पट्टी आणि ट्रान्सफॉर्मरवरचा छाप आधी वाचा.

ट्रान्सफॉर्मर जागेवर आहे का, हेही पाहा. बऱ्याच मॉनिटर चेसिसची ग्राउंड थेट मेन लाइनशी जोडलेली असते, मेकॅनिक लोक तिला हॉट चेसिस म्हणतात. अशा चेसिसला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतोच, नाहीतर गेमचा बोर्ड, कॉइन दाराचा पत्रा आणि तुमचा हात सगळं मेनवर येतं. कबाड्याच्या हातातून आलेल्या मशीनमध्ये तांब्यासाठी नेमका हाच जड ट्रान्सफॉर्मर काढलेला असतो. वाइंडिंगवाल्याकडून २३० वरून चेसिसला लागतात तेवढे व्होल्ट आणि वॉट देणारा बांधून घ्या; चेसिस २३० चं असेल तरच २३० ते २३० चा. पैसे वाचवायची ही जागा नाही.

ट्यूबला हात लावण्याआधी ती रिकामी करायची. रंगीत ट्यूबच्या ॲनोडवर चालू असताना २० ते २५ हजार व्होल्ट असतात आणि काच हा चार्ज बंद झाल्यावरही धरून ठेवते. प्लग काढलेला. जाड प्लास्टिक मुठीचा चपटा स्क्रू ड्रायव्हर, त्याच्या दांडीला क्लिपची वायर, आणि वायरीचं दुसरं टोक ट्यूबच्या पाठीवरून जाणाऱ्या उघड्या अर्थिंगच्या वेणीला. एक हात पाठीमागे ठेवून स्क्रू ड्रायव्हर ॲनोडच्या रबरी टोपीखाली सरकवत आतल्या धातूला टेकवायचा. थोड्या वेळानं पुन्हा तेच, कारण काच थोडा चार्ज परत गोळा करते. चेसिसमधल्या मोठ्या फिल्टर कॅपॅसिटरवरही ३०० व्होल्टच्या वर असू शकतात, तो बल्बमधून उतरवा, पेचकसानं शॉर्ट करू नका. हे आधी कधी केलं नसेल तर एकट्यानं करू नका. महाराणी रोडच्या आसपास विचारत गेलात तर ट्यूबवाल्या टीव्हीवर आयुष्य काढलेले मेकॅनिक अजून सापडतात. ‘अरे भिया, ट्यूबवाला काम!’ असं म्हणतील आणि दुकानाचं शटर खाली ओढून तुमच्याबरोबर येतील. त्यांच्या हाताखाली बसून शिका. हे ज्ञान अशाच हातांत उरलं आहे.

ट्यूब जिवंत आहे का, याचा पहिला पुरावा करंट न लावता मिळतो. मानेजवळ काचेच्या आतून एक चकचकीत आरशासारखा काळपट-रुपेरी डाग असतो. तो तसाच असेल तर आत निर्वात आहे. दुधासारखा पांढरा झाला असेल तर हवा शिरली आणि ट्यूब गेली. मानेवरची काच फार नाजूक असते, मशीन आडवं करताना किंवा जिन्यातून नेताना तिथेच घात होतो. आधी मागचं दार काढा, मानेवरचा छोटा बोर्ड सरळ मागे ओढून वेगळा करा, मग मशीन हलवा.

डाग पांढरा निघाला तरी काम संपलं असं समजू नका. आपला जुना पाल टीव्ही सेकंदाला १५,६२५ ओळी काढतो आणि आर्केडचा, म्हणजे गेम पार्लरच्या मशीनचा, मॉनिटरही साधारण तेवढ्याच, म्हणून २१ इंची टीव्हीची ट्यूब बहुतेक वेळा दाता म्हणून चालते. मानेची जाडी, पिनांची मांडणी आणि ६.३ व्होल्टचा हीटर जुळला पाहिजे. योक, म्हणजे मानेवरची किरण वळवणारी तारेची गुंडाळी, शक्यतो ट्यूबबरोबर आलेलाच ठेवा आणि त्याच्या दोन्ही वाइंडिंगचे ओहम जुन्याशी ताडून बघा, विशेषतः हॉरिझॉन्टलचे. दिवाळीच्या आवराआवरीत राजेंद्रनगर, सुदामानगर भागात लोक चालते टीव्ही कबाड्याला देऊन टाकतात. तुमची ट्यूब ठणठणीत निघाली तरी असा एक टीव्ही उचलून ठेवा. पुढच्या वर्षी तेही मिळणार नाहीत.

चेसिसवर माझं मत ठाम आहे: इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर सगळेच्या सगळे बदला, ‘हा बरा दिसतो’ म्हणून एकही सोडू नका. मायक्रोफॅरड तेच, व्होल्ट तेवढे किंवा थोडे जास्त, आणि १०५ अंशांवाले. काढायच्या आधी प्रत्येकाची प्लस-मायनसची दिशा फोटोत टिपून ठेवा, कारण बोर्डावरची छपाई कधी कधी पुसलेली असते. मग भिंगातून सोल्डर बघा. ईएचटीचे (ॲनोडला हजारो व्होल्ट देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचे) पाय, योकचा कनेक्टर, व्हर्टिकल आयसी, हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर, या जागा तापतात आणि त्यांच्याभोवती केसासारखी गोल भेग पडते. जुनं सोल्डर ओढून काढून नवं भरा. चित्राच्या कडा लाटेसारख्या हलत असतील तर मोठा फिल्टर कॅपॅसिटर बघा. सगळं चित्र मिटून मधोमध एकच आडवी रेघ आली तर व्हर्टिकलचा भाग बसला आहे. अशा वेळी ब्राइटनेस लगेच शून्यावर आणा, नाहीतर ती रेघ फॉस्फरवर कायमची भाजली जाईल.

मग पहिल्यांदा करंट. तोही सिरीज बोर्डावरून, १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब लावून. एलईडी इथे उपयोगाचा नाही. चालू करताच बल्ब उजळेल, कारण डिगॉसची (ट्यूबवरचं चुंबकत्व घालवणारी) कॉइल सुरुवातीला भरपूर करंट ओढते, आणि मग मंद होईल. तो पूर्ण तेजानं जळत राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. मंद झाला, मानेत हीटरचा नारिंगी उजेड दिसला, बारीक किणकिण ऐकू आली की समजा ट्यूब तुमच्याशी बोलायला लागली. माझ्या मशीनच्या वेळी आमच्या रामबागेच्या घरात हा आवाज आला तेव्हा मी दिवे बंद करून नुसता त्या उजळत्या काचेकडे बघत बसलो होतो.

बोर्डाचं काम त्या मानानं सोपं आहे. १९८५ साली जपानमध्ये जामा नावाचं मानक ठरलं आणि त्यानंतरचे बहुतेक बोर्ड ५६ पिनांच्या एकाच कनेक्टरवर बसतात. हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, चांगला असेल तर नुसता बोर्ड बदलून गेम बदलतो. कनेक्टर उलटा बसू नये म्हणून सातव्या पिनच्या जागी अडसर असतो, पण जुन्या हार्नेसमध्ये तो बहुधा पडून गेलेला असतो. उलटा लावलात तर बोर्ड जातो, म्हणून वरची बाजू कुठली हे रंगानं लिहून ठेवा. बोर्ड लावायच्या आधी मोकळ्या कनेक्टरवर मीटर धरा: पाच व्होल्ट, बारा व्होल्ट, काही बोर्डांना उणे पाचही लागतात. बोर्ड लावल्यावर पाच व्होल्ट पुन्हा बोर्डावरच मोजा, कारण लांब वायरीत आणि गंजलेल्या पिनांत अर्धा व्होल्ट सहज हरवतो आणि गेम सारखा रिसेट होत राहतो. पिना आधी पेन्सिलच्या खोडरबरानं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा.

बोर्डावर पिंपासारखी छोटी बॅटरी असेल तर आजच कापून काढा. १९९० च्या निओ जिओच्या बोर्डांवर अशी ३.६ व्होल्टची असते, गळते आणि तांब्याच्या रेघा खाऊन टाकते. गळलेला रस अल्कधर्मी असतो, तो व्हिनेगरनं मारून मग धुवायचा. याला अपवाद आहे. कॅपकॉमच्या सीपीएस-टू सारख्या काही बोर्डांत बॅटरीच गेमची किल्ली सांभाळते, ती काढली की गेम उघडत नाही. म्हणून बोर्ड कोणता आहे हे कळल्याशिवाय कटर चालवू नका. चिपवरचे स्टिकरही ओरबाडू नका. ते ज्या छोट्या काचेच्या खिडक्या झाकतात, त्यांतून अतिनील उजेड बराच वेळ गेला तर आतली माहिती पुसली जाते. गेम ओळखता येत नसेल तर चिप रीडरवर वाचून जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या, १९९७ पासून चालत आलेल्या मेम प्रकल्पाच्या यादीशी जुळवा. आपल्याकडच्या पेट्यांत १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ निघायची शक्यता बरीच, तोच, ज्याला पोरं ‘मुस्तफा’ म्हणायची. तो निघाला तर तुमच्या गल्लीतले चाळिशीतले सगळे भेटायला येतील.

लाकडात घाई करू नका. दोन बाजूंपैकी जी बरी आहे तिच्यावर खाकी कागद पसरून पूर्ण आकार उतरवून घ्या, भोकांच्या जागांसकट, आणि हे वाळवीचा भाग कापण्याच्या आधी. पोकळ झालेलं लाकूड भरून निघत नाही, निरोगी भागापर्यंत कापायचं आणि नवा तुकडा डाव्हेल आणि फेविकॉलनं जोडायचा. अमेरिकन पेट्या पाऊण इंची असतात, म्हणजे आपला १९ एमएमचा प्लाय अगदी जुळतो. पाण्याला टिकणारा बीडब्ल्यूआर घ्या. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड खालच्या बाजूला वापरू नका, पोछ्याच्या पाण्यानंच तो फुगतो. कडेची प्लास्टिकची पट्टी खाचेत बसते, सुताराकडे राउटर असेल तर खाच सरळ येते. नव्या तुकड्याला सगळीकडून वाळवीचं औषध लावा आणि खाली रबरी पाय द्या. शक्य असेल तर हे काम उन्हाळ्यात उरका, पावसाळ्यात प्लायही ओल धरतो आणि धुळीनं माखलेल्या ईएचटीभोवती ठिणग्याही उडतात. स्क्रू, बिजागऱ्या, चाकं सियागंजात मिळतील.

पेटीवरची चित्रं खरवडून काढण्याआधी सरळ उजेडात मोजपट्टी ठेवून फोटो घ्या, वरची पाटी बॅकलिट फिल्मवर छापून मिळते. जुनी काच शक्यतो ठेवा, धुरकटपणा बहुतेक वेळा सिगारेटचा आणि धुळीचा थर असतो, साबणाच्या पाण्यानं जातो. नाण्याच्या खाचेबद्दल एक गोष्ट: १९९२ पासूनचं एक रुपयाचं नाणं २५ मिलिमीटरचं होतं, २०११ पासूनचं जवळपास २२ चं. जुन्या यंत्रातून आजचा रुपया थेट परत पडतो. यंत्र बदलण्यापेक्षा जुनी नाणी मूठभर जमवून दाराजवळच्या डबीत ठेवा, मुलांना तेच आवडतं.

दुरुस्तीनंतरचे पहिले काही दिवस मागचं दार उघडं ठेवून, समोर कोणीतरी असतानाच चालवा. तासाभरानं बंद करून प्लग काढा, ट्यूब आणि मोठा कॅपॅसिटर पुन्हा रिकामा करा, आणि मगच हीटसिंक हातानं तपासा.

ट्यूबच्या मानेवरचा नंबर आणि चेसिसवर छापलेला नंबर कळवा. पट्टीवर किती व्होल्ट लिहिले आहेत तेही. त्यावरून योक जुळेल का आणि कोणते कॅपॅसिटर घ्यायचे, ते मी तुम्हाला नेमकं सांगू शकेन.